तीन उन्हं दिलेले शर्ट

आधीच सांगून टाकते. इस्त्री बिघडली नव्हती, लाईट गेली नव्हती, घरात कुणी आजारीही नव्हतं. मला कंटाळा आला होता. एवढी साधी गोष्ट कबूल करायला मला महिना लागला.

कपड्यावर छपाई करणं हा माझा धंदा. अमरावतीत राजापेठेत दुर्गाबाईंच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्यात. नवरा किशोर चांदूर रेल्वे या गावी एका शाळेत शिपाई आहे. तो सकाळच्या गाडीने गेला की पुढची खोली माझी. एक टेबल, जाळी ताणलेल्या चार चौकटी, रंग ओढायची रबरी पट्टी आणि रंगाचे डबे, एवढाच माझा कारखाना. क्लासवाल्यांचे टी-शर्ट, क्रिकेटच्या टीमचे, हळदीच्या दिवशी घालायचे 'नवरीची मोठी बहीण' वगैरे, असलं सगळं मी छापते. माझी जीभ जरा तिखट आहे, पण काम पक्कं, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचे, जरा जास्तच म्हणायचे.

छापणं सोपं असतं. खरं काम त्याच्या पुढे आहे. रंग वाळला म्हणजे पक्का झाला, असं नसतं. वरून कोरडा ठणठणीत लागतो आणि पहिल्या पाण्यात हाताला येतो. त्याला चांगला ताव द्यावा लागतो, तेव्हा कुठे तो सुताला धरतो. मोठ्या कारखान्यांत त्यासाठी भट्टी असते, त्याहून लहान धंद्यात दाबाचं मशीन असतं, आणि माझ्याकडे लग्नात आलेली इस्त्री आहे. शर्ट घोंगडीवर पसरायचा, छपाईवर बटर पेपर ठेवायचा आणि इस्त्री 'कॉटन'वर करून दाबायची. घासायची नाही, दाबत दाबत सरकवायची. एका छपाईला साडेतीन मिनिटं. पुढे-मागे दोन्हीकडे छपाई असली की सात. तेवढा वेळ पंखा बंद, कारण वाऱ्याने इस्त्री निवते.

या साडेतीन मिनिटांचं माप मला मावशीने दिलं.

सुंदराबाई माझी सख्खी मावशी. अकोल्याला असते. दवाखान्यात आया होती, आता रिटायर झाली. आई गेल्यावर दहावीपर्यंत मी तिच्याकडेच वाढले. त्यांच्या वस्तीतल्या विहारात गेली तीस वर्षं वंदना तीच सांगते. ती पुढे म्हणते आणि बाकीच्या बाया मागून. मागच्या वर्षी ती माझ्याकडे आठ दिवस राहायला आली होती. मी मोबाईलवर वेळ लावायची, मध्येच कुणाचा तरी फोन यायचा, आणि वेळेचा पत्ता राहायचा नाही. असे दोन शर्ट माझ्या हातून करपले. मावशी पलंगावर बसून बघत होती.

"मोबाईल कशाले पायते वं सारखी? सावकाश त्रिसरण-पंचशील म्हन. तेवढ्यात होते," ती म्हणाली.

मी गंमत म्हणून मोजून पाहिलं. तिच्या चालीत, विहारात म्हणतात तसं सावकाश म्हटलं की बरोब्बर साडेतीन मिनिटं भरत होती. मला हसू आलं. म्हटलं, मावशी, तू तर शर्टाला मंत्र घालायला लागलीस. तिला ते अजिबात आवडलं नाही. मंत्रतंत्र, अंगारे-धुपारे यांच्याशी ती जन्मभर भांडत आलेली.

"मंतर नाई," ती म्हणाली. "माप हाय ते."

तेव्हापासून मी मापानेच इस्त्री करायला लागले. खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही. दुपारी खोलीत एकटी असताना इस्त्रीचा भार हातावर घेऊन आपल्याच आवाजात ते म्हणत राहणं. त्यानंतर एकही शर्ट करपला नाही.

यंदा मार्चमध्ये मावशीचा फोन आला. विहारातल्या बायांनी लेझीम पथक काढलं होतं, 'सुजाता लेझीम पथक'. बहुतेक सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत त्यांना पांढऱ्या साडीवर पांढरा टी-शर्ट घालायचा होता, छातीवर पथकाचं नाव आणि पाठीवर धम्मचक्र, सगळं निळ्या रंगात. यावरून विहाराच्या कमिटीत बरीच चेष्टा झाली म्हणे. म्हाताऱ्यांना आता टी-शर्ट पाहिजेत, असं कुणीसं म्हणालं. मावशी कुणाला ऐकते थोडीच. तिने चाळीस बायांची मापं स्वतः घेतली, वहीत लिहिली आणि मला वाचून दाखवली. चतुराबाईंचं माप सगळ्यांत लहान. त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि टी-शर्टाला शेवटपर्यंत बनेनच म्हणत राहिल्या.

अकोल्यात छापणारे कमी आहेत का? कमिटीतले एक जण तिला म्हणालेही, इथेच गल्लीत दुकान आहे, अमरावतीला कशाला धाडता. त्यावर मावशीने सगळ्यांसमोर शब्द दिला की माझ्या भाचीच्या हातचा रंग शर्ट विरून फाटला तरी जात नाही. हे तिनेच मला फोनवर सांगितलं, मोठ्या कौतुकाने. ऐकून मी फुगले होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी चाळीसही शर्ट छापले. छान उतरले होते. मग रिवाजाप्रमाणे एक शर्ट घेतला, पुढून-मागून मापाने इस्त्री केली, साबणाच्या पाण्यात चोळून धुतला, पिळला, वाळवला. एक टिपका हलला नाही. मी चहा प्यायले आणि उरलेल्या एकोणचाळीस शर्टांकडे पाहिलं.

एकोणचाळीस गुणिले सात मिनिटं. साडेचार तास. बाहेर त्रेचाळीस डिग्री, आत पंखा बंद, कंबर आधीच छापून छापून धरलेली. शिवाय त्याच सकाळी शेंदूरजनाघाटहून एका संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या घरचा फोन आला होता, पोरीच्या हळदीचे साठ शर्ट, लगेच हवे होते. मी दुसरा शर्ट घोंगडीवर घेतला, बटर पेपर ठेवला, म्हणायला लागले. त्रिसरण संपलं, पंचशीलाची दोन शीलं झाली आणि घामाचा एक थेंब इस्त्रीवर पडून चर्र झाला. मी इस्त्री उभी केली आणि बटन बंद केलं.

मागच्या पत्र्यावर दुर्गाबाईंच्या कुरडया वाळत होत्या. मी दारात वारा घेत उभी होते तेव्हा त्या नेहमीच्या कौतुकाने सांगत होत्या, "तीन उनं देल्ली का दगड होतेत दगड. मंग वर्षभर पायनं नाई."

हे ऐकल्यावर मी जे केलं ते आमच्याकडचंच माणूस करू जाणे. आम्हाला आमच्या उन्हाचा भारी अभिमान. पेपरात अकोल्याचा आकडा पहिला आला की लोक तो नंबर स्वतः काढल्यासारखे सांगत सुटतात. पापड, कुरडया, मिरच्या, गाद्या, काहीही असो, तीन उन्हं दिली की काम फत्ते. मी म्हटलं, हे ऊन माणसाला जाळतं, रंगाला काय सोडणार आहे. दुर्गाबाईंनी कुरडया बाजूला सरकवून मला जागा दिली. बिचारीला काय माहीत. एकोणचाळीस शर्ट मी पत्र्यावर पसरले आणि तीन दिवस तीन उन्हं दिली. दुपारी उलटवायला गेले की टाचेला चटके बसायचे. चटके बसले की मला बरं वाटायचं, कामच करतोय असं वाटायचं.

पण मला माहीत होतं. पत्रा तापून तापून किती तापणार? रंगाला त्याच्या दुप्पट ताव लागतो, हे मला कुणी नव्याने सांगायला नको होतं. तिसऱ्या दिवशी मी कोरड्या अंगठ्याने छपाई घासून पाहिली, काही आलं नाही. ओल्या अंगठ्याने पाहिली नाही. पाहिली असती तर कळलं असतं, म्हणूनच पाहिली नाही.

त्याच संध्याकाळी मावशीचा फोन आला. झाले का, कधी येतेस, असं विचारून झालं आणि मग ती म्हणाली, "साऱ्यावर म्हटलं ना वं?"

"हो मावशी," मी म्हटलं. "चाळीसही शर्टांवर."

जीभ जरासुद्धा अडखळली नाही. पुढे दोन मिनिटं मी हाताला कसे फोड आले तेही सांगितलं. फोड टाचेला आले होते.

तेरा तारखेला गठ्ठा घेऊन मी अकोल्याला गेले. संध्याकाळी विहारात वाटप होतं. बाया हात धुऊन आल्या होत्या. मी गठ्ठा सोडला तर एकदम गलका झाला, निळी अक्षरं पांढऱ्यावर काय उठून दिसत होती. मावशी उभी राहिली आणि सगळ्यांना सांगायला लागली की माझ्या भाचीने एकेका शर्टावर पंचशील म्हटलंय. "मंतर म्हनून नाई," तिने लगेच बजावलं, "माप म्हनून." पण बाया त्या बायाच. चतुराबाईंनी शर्ट दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. त्यांचं पाहून बाकीच्याही लावायला लागल्या. मी खाली फरशीकडे बघत राहिले. तेव्हा बोलायला हवं होतं. एक रात्र हातात होती, प्रत्येकीच्या घरी इस्त्री होती. चाळीस घरांत चाळीस इस्त्र्या फिरल्या असत्या आणि अर्ध्या तासात सगळं पक्कं झालं असतं. हे मला तिथेच, त्याच क्षणी सुचलं होतं. तरी मी गप्प बसले.

एक बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. तिच्या जागी तू ये, असं सगळ्यांनी मला म्हटलं. लेझीम मला शाळेपासून येते. मी गठ्ठ्यात हात घातला आणि खालून एक शर्ट ओढून काढला. तो धुतलेला होता, खळ गेलेली, हाताला मऊ लागत होता. चाळिसातून तो एकच असा होता.

"हा धुतलेला आहे," मी म्हटलं. "नवे तुम्हाला राहू द्या, मला हा चालेल."

पोर किती समजदार आहे, असं कुणीतरी म्हणालं. मावशीने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरवणूक निघाली. सांगते, चाळीस बाया एका ओळीत लेझीम घेऊन वळल्या ना, तेव्हा कमिटीतले चेष्टा करणारे फोन काढून शूटिंग करायला लागले. चतुराबाई सगळ्यांत पुढे. एवढ्या वयात त्या अशा वाकत होत्या की माझ्यासारखीला दम लागावा. मावशी मधे शिट्टी वाजवून ताल बदलत होती. तासाभरात सगळ्यांच्या पाठी घामाने भिजल्या. मी पुढच्या बाईच्या पाठीवरचं चक्र बघत होते, दुसरीकडे माझं लक्षच नव्हतं. ते अजून गोल होतं.

चौकात सरबताचा स्टॉल होता. तिथल्या पोरांनी टँकरला नळी लावून मिरवणुकीवर पाणी उडवलं, गार वाटावं म्हणून. दरवर्षी उडवतात. बाया खूश झाल्या, पाण्याखाली दोन फेऱ्या जास्त मारल्या.

पहिल्यांदा मला चतुराबाईंच्या पदरावर निळी बोटं दिसली. मग शेजारणीच्या हनुवटीवर. मग समोरच्या पाठीवरचं चक्र खाली ओघळलं आणि साडीच्या निऱ्यांत उतरलं. लेझीमच्या दांड्या, हात, गळे, सगळं निळं. बाया आधी हसत होत्या, कुणीतरी रंग टाकला असं त्यांना वाटलं. मग एकीने आपल्या छातीकडे पाहिलं. तिथे पथकाचं नाव नव्हतं, नुसता डाग होता. लेझीम एकेक करत थांबत गेली. ज्या पांढऱ्या साड्या त्या वर्षातून दोन-तीनदाच कपाटातून काढतात, त्या साड्या.

फुटपाथवर उभे असलेल्यांपैकी कुणीतरी बोललं, सुंदराबाईच्या भाचीनं चांगली होळी खेळवली. लोक हसले.

चतुराबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या छातीवरच्या अक्षरावर ओला अंगठा दाबून घासला आणि अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघितला. तो कोरा होता. चाळीस बायांत मी एकटी स्वच्छ उभी होते.

"तुहा काऊन नाई निंगाला वं?" त्यांनी विचारलं.

रागाने नाही हो विचारलं. खरंच विचारलं, माहिती पाहिजे म्हणून. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला उत्तर माहीत होतं, तोंडही होतं, एरवी ते कधी बंद नसतं.

मावशी पुढे आली. तिने माझ्या शर्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं. कळलेलं मला दिसलं.

"म्याच सांगतलं व्हतं तिले," ती चतुराबाईंना म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "इस्त्री नोको करू, आपलं ऊन पुरते म्हटलं. तिनं एक करून पायला, तो तिच्या आंगावर हाय. बाकी माही चूक हाय."

मग जे काय बोलणं खायचं ते तिने खाल्लं. कुणी म्हणालं, तुले कोन सांगतलं डोकं चालवाले. कमिटीतल्या माणसाने गल्लीतल्या दुकानाची आठवण करून दिली. एकीने विचारलं की मग त्या पंचशीलाचं काय, तेही खोटंच का. मावशी खाली मान घालून म्हणाली, ते बी म्याच वाढवून सांगतलं. तीस वर्षं वंदना सांगणारी बाई भर चौकात खोटं बोलत होती आणि मी दोन हात अंतरावर उभी राहून ते ऐकत होते. मध्ये बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं.

शर्ट काढून बायांनी मिरवणूक तशीच डागाळलेल्या साड्यांवर पुरी केली. लेझीम पुन्हा सुरू झाली, पण पहिल्यासारखी नाही. मी माझा स्वच्छ शर्ट काढून पिशवीत कोंबला.

घरी आल्यावर मावशी मोरीत साडी चोळत बसली. मी दाराला टेकून उभी होते. तिने मान वर न करता विचारलं, "एकावर म्हटलं का एकावर बी नाई?"

"एकावर," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि नळ सोडला.

ती मला बोलली असती तर बरं झालं असतं. लहानपणी तिने मला एकदा उलथन्याने मारलं होतं, तसं मारलं असतं तरी चाललं असतं. तिने मला जेवायला वाढलं, दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर सोडलं आणि दहा वेळा नको म्हटलं तरी पाण्याची बाटली घेऊन दिली.

एकोणचाळीस शर्ट मी परत आणले. धुऊन धुऊन पांढरे केले, तरी एक निळसर झाक राहिलीच. शेंदूरजनाघाटचं काम दुसऱ्या एकीला देऊन टाकलं. मग त्याच चौकटींनी त्याच जागी पुन्हा छापलं आणि इस्त्रीला बसले. रोज दहा शर्ट, चार दिवस. दर शर्टाला दोनदा, म्हणजे अठ्ठ्याहत्तर वेळा. पंखा बंद, दार बंद. पहिली तीन शीलं सरळ जायची. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे आलं की माझा आवाज बसायचा. एकदा वाटलं, गाळून पुढे जावं, इथे कोण ऐकतंय. पण गाळलं तर वेळ कमी भरला असता आणि रंग कच्चा राहिला असता. म्हणून अठ्ठ्याहत्तरही वेळा म्हणावं लागलं. नुसतं ओठ हलवत म्हटलं, पण म्हटलं. शेवटी प्रत्येक शर्ट ओल्या फडक्याने घासून बघितला.

बुद्धपौर्णिमेला गठ्ठा घेऊन मी विहारात गेले. मनात हिशेब साधा होता. शर्ट द्यायचे, सगळ्यांच्या पाया पडायचं, चारच्या बसने परत. भरपाई झाली, असं मला वाटत होतं. बाया माझ्याशी नीट बोलल्या. साड्यांवर अजून फिकट डाग होते, त्याच साड्या नेसून आल्या होत्या. चतुराबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी शर्ट घेतला, अंगठ्याला थुंकी लावली, छपाई घासली, अंगठा बघितला आणि शर्ट मांडीवर ठेवला. मग मला जवळ बोलावलं.

"तुही मावशी आता चौथं म्हनत नाई," त्या म्हणाल्या. "तीन सांगते, मंग गप रायते. आमी आमचंच म्हन्तो, मंग ते पाचवं सांगते. खोकला येते म्हन्ते."

"कधीपासून?" मी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

"जयंतीपासून," चतुराबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे नुसतं बघत राहिल्या. त्यांना किती कळलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

वंदना सुरू झाली. मी शेवटच्या ओळीत बसले. मावशीचा आवाज तसाच होता, स्वच्छ आणि सावकाश, साडेतीन मिनिटांचा. तिसरं शील झालं. मावशी थांबली, तोंडाला पदर लावला आणि खोकली. तो खोकला नव्हता. मी तिच्या घरात वाढले, तिचा खोकला मला माहीत आहे. बायांनी चौथं आपलंआपण म्हटलं, मावशीने पाचवं सांगितलं. एवढं सफाईने झालं की नव्या माणसाला कळूही नये. म्हणजे रोज असंच होत होतं. मी तिकडे अमरावतीत अठ्ठ्याहत्तर वेळा म्हणून मोकळी झाले आणि इथे ही महिनाभर तेवढ्या एका ओळीला तोंड मिटून बसत होती.

वंदना संपली तशी मी उभी राहिले. अंगावरचे कपडे कुणी काढून घ्यावेत तशी लाज वाटत होती, आणि अजून तर मी काही बोललेही नव्हते.

"मावशीनं मले काहीच सांगतलं नव्हतं," मी म्हटलं. "तिले माहीतबी नव्हतं. मले इस्त्री कराचा कंटाळा आला म्हनून म्या शर्ट पत्र्यावर टाकले. साऱ्यावर पंचशील म्हटलं म्हनून मीच खोटं सांगतलं. अन् तो धुतलेला शर्ट म्या मुद्दाम घेतला. तो पक्का आहे हे मले माहीत होतं."

मला वाटलं होतं सगळ्या माझ्याकडे बघतील. एकीनेही बघितलं नाही. सगळ्या मावशीकडे बघत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. माझं खोटं सांगता सांगता मी तिचंही खोटं सगळ्यांपुढे ठेवलं होतं. आतापर्यंत ती त्यांच्या लेखी अतिशहाणी आणि बढाईखोर ठरली होती, खोटी नव्हती. तेवढं तरी तिच्याकडे शिल्लक होतं, तेही मी घालवलं.

मावशी जागेवरून उठली.

"हो, खोटं बोलली मी," ती म्हणाली. "हिच्यासाठी बोलली असं नोका समजू. हिच्या हातचा रंग जात नाई म्हनून तुमाले शब्द म्या देल्ला व्हता. तो वाचवाले बोलली."

मग मावशीने पुढच्या ओळीतल्या वर्षालीला बोलावलं. वर्षाली बँकेत आहे, पथकातली सगळ्यांत तरुण. तिला मावशीने आपल्या जागी बसवलं आणि पुन्हा घ्यायला सांगितलं, पहिल्यापासून. वर्षाली कावरीबावरी झाली, माझ्यानं होनार नाही म्हणाली. होते, मावशी म्हणाली, आणि चालत मागे आली. मला सरकायची खूण करून माझ्या शेजारी मांडी घालून बसली. तीस वर्षांत ती पहिल्यांदाच मागून म्हणणाऱ्यांत बसली असेल.

वर्षालीने सुरुवात केली. ती घाईने म्हणत होती. मावशी पुटपुटली, "सावकाश, माप चुकते."

त्रिसरण झालं. पहिलं झालं, दुसरं, तिसरं. वर्षालीने चौथं सांगितलं. माझ्या कानाशी मावशीचा आवाज आला, सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतकाच. तिने ते पूर्ण म्हटलं. मग ती माझ्याकडे न बघता थांबली. पाचव्यासाठी नाही, ते वर्षालीच्या हातात होतं. माझ्यासाठी थांबली. माझं अजून व्हायचं होतं.

मला वाटत होतं, इथे मला रडू येईल आणि सुटल्यासारखं होईल. तसलं काही झालं नाही. नुसती लाज वाटली, इस्त्रीपुढे बसल्यावर वाटत नव्हती इतकी. तरी मी ते म्हटलं, यावेळी आवाज काढून, सगळं. गाळलं असतं तर माप कमी भरलं असतं.